चिंचवड ते चाकण : वासाच्या वाटेने

चिंचवडहून चाकणला जायचे म्हटले तर अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. त्यावर प्रवासलेख लिहावा असे या वाटेवर काय आहे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. ना घाट, ना समुद्रकिनारा. कारखान्यांच्या लांबलचक भिंती, मालमोटारींच्या रांगा आणि वाहतुकीची कोंडी. तरीही लिहावेसे वाटते, कारण ही वाट मी आयुष्यात दोनदा शिकलो. एकदा नोकरीच्या उमेदीच्या काळात, आणि दुसऱ्यांदा निवृत्तीनंतर, नाकाने साथ सोडल्यावर.

१९८४ साली मी बँकेच्या पिंपरी येथील शाखेत अधिकारी म्हणून रुजू झालो. सोलापूर जिल्ह्यातील लहानशा गावातून आलेल्या मला ज्वारीच्या कणसांचा, कडब्याचा आणि पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा वास ओळखीचा होता. पिंपरीने मात्र पहिल्या दिवसापासून निराळेच वास पुढे केले. त्या वेळी पिंपरी-चिंचवडची महापालिका होऊन दोनच वर्षे झाली होती. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथील माळावर भूखंड पाडले, मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉपे त्यांच्या मागोमाग उभी राहिली. पण या सर्वांच्या आधीचा कारखाना म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ साली स्थापन झालेला हा सरकारी क्षेत्रातील पहिला औषधनिर्मिती कारखाना. पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. पेनिसिलिन हे बुरशीपासून मिळते. मोठमोठ्या टाक्यांत तिला पोसून, आंबवून ते काढावे लागते.

त्या बाजूने जाता-येता मला एक दमट, आंबूस वास येई. पहिल्या आठवड्यात मी नाकाला रुमाल लावत असे. दोन महिन्यांनी ध्यानात आले की रुमाल कधीच खिशात गेला आहे. शाखेतील जुना शिपाई हसून म्हणाला, "साहेब, वास गेला नाही. तुम्ही पिंपरीकर झालात." त्याच्या बोलण्यातले शास्त्र मला फार उशिरा कळले. एखादा वास सतत येत राहिला की नाक त्याची नोंद घेणे थांबवते. रोजच्या त्याच त्या नोंदीवर शाई कशाला खर्च करायची, असा जणू त्याचा हिशेब असतो. म्हणूनच आपल्या घराला कोणता वास आहे हे पाहुण्याला कळते, आपल्याला नाही.

पुढे कर्जविभागात आल्यावर या पट्ट्यातील बहुतेक रस्ते पायाखालून गेले. आकुर्डीकडे स्कूटरच्या धुराचा वास. त्या वेळच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळत असे आणि माझी स्वतःची चेतक त्याला अपवाद नव्हती. भोसरीच्या वर्कशॉपांत लेथवरच्या कूलंटचा, तापल्या लोखंडाचा, रबराचा आणि रंगकामातील थिनरचा वास. प्लेटिंगच्या गाळ्यापाशी नाकाला झोंबणारे आम्ल. नाशिक फाट्यावरून भोसरी, तेथून मोशी, मग इंद्रायणीचा पूल ओलांडून आळंदी फाटा आणि शेवटी चाकण. डोळे मिटून एस.टी.त बसलो तरी कोठे पोहोचलो ते सांगता येत असे.

व्यापारी खातेदारांना दिलेल्या कॅश क्रेडिटच्या मालाची गोदामात जाऊन तपासणी करणे हे माझे काम होते. बँकेच्या भाषेत अशा तारणाला ‘नजरगहाण’ म्हणतात. माल व्यापाऱ्याच्या ताब्यात, बँकेची त्यावर केवळ नजर. प्रत्यक्षात निम्मे काम नाकाचे असे. एका वयस्क गोदामवाल्याने मला पहिल्याच भेटीत शिकवले, "साहेब, पोती मोजू नका नुसती. थप्पीच्या मधले पोते काढायला सांगा, त्यात कोपरापर्यंत हात घाला आणि मूठ नाकाशी धरा." तसे केले की धणे कुबट झाले आहेत का, शेंगदाणे खवट आहेत का, हळदीला ओल लागली आहे का, ते क्षणात कळे. स्टॉक स्टेटमेंटमध्ये या गोष्टी कधीच लिहिलेल्या नसत. आपल्या मराठीची श्रीमंती मला त्या गोदामांत उमगली. कुबट, खवट, आंबूस, करपट, उग्र, खमंग, खरपूस: प्रत्येक वासाला आपले नाव, आणि प्रत्येक नावामागे मालाची एक किंमत.

चाकणचे एक किराणा आणि मसाल्याचे व्यापारी आमच्या शाखेचे खातेदार होते. त्यांना येथे शेठजी एवढेच म्हणतो. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. चाकण म्हणजे तेव्हा संग्रामदुर्गाच्या सावलीतले बाजाराचे गाव. १६६० साली याच भुईकोटात फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या अफाट सैन्याला जवळजवळ दोन महिने थोपवून धरले होते. पुढे गावाची ख्याती झाली ती कांदा-बटाट्याच्या आणि जनावरांच्या बाजारामुळे. मोटारींचे मोठे कारखाने फार नंतर आले. शेठजींच्या घरात कांदा शिजत नसे. पण बाजारात कोणत्या दिवशी कोणत्या प्रतीचा कांदा उतरला आहे, हे पेढीवर बसून ते वाऱ्यावर सांगत. हिंगाच्या बाबतीत तर पंचक्रोशीत त्यांचा शब्द अखेरचा. हिंग इराण-अफगाणिस्तानातून येतो. त्यात पीठ आणि डिंक मिसळून बांधानी हिंग तयार होतो. त्यात अस्सल किती आणि भर किती, हे ते डबी उघडताच सांगत. आमची मैत्री अशा वासांवर जुळली आणि माझ्या निवृत्तीनंतरही टिकली.

मग २०२१ चा एप्रिल आला. करोनाची दुसरी लाट. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आदल्या वर्षीच्या जूनमध्येच वास आणि चव जाणे हे या आजाराचे लक्षण म्हणून यादीत घेतले होते. पण वाचलेले आणि भोगलेले यांत अंतर असते. मला ताप फारसा आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी चहा तोंडाला लावला, तर तो नुसते गोड गरम पाणी होते. आले नाही, वेलची नाही, चहाही नाही. मी सौभाग्यवतींना म्हणालो, "आज चहाला वास नाही." त्या बिचाऱ्यांनी दुसरा करून दिला.

मी घाबरलो नाही, याचे कारण सांगण्यासारखे आहे. कपाटातली बामची बाटली उघडून नाकाशी धरली तर आत गारवा जाणवला. नाक चालू आहे, असा मी निष्कर्ष काढला. तो साफ चुकीचा होता. बामचा गारवा, मिरचीचा ठसका, अमोनियाची झोंबी या संवेदना गंधाच्या नव्हेत. त्या चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्या मज्जातंतूच्या आहेत. गंधाची शक्ती पूर्ण गेली तरी ही वाट चालूच राहते. स्वतःची परीक्षा घ्यायची तर बाम किंवा कापूर नको. चहापत्ती, वेलची, साबण असे साधे वास घ्यावेत.

आजार गेला, अहवाल निगेटिव्ह आला, सर्वांनी अभिनंदन केले. नाकाची गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. माणसे जीव गमावत असताना आपण वासाची तक्रार काय करायची, असे वाटले. जून महिन्यात एका संध्याकाळी सौ. आतल्या खोलीत पडल्या होत्या. सूनबाई भाजी आणायला खाली गेली होती. चार वर्षांचा नातू दिवाणखान्यात गाडी फिरवत बसला होता. मी चहाचे आधण ठेवले आणि वर्तमानपत्र घेऊन त्याच्याजवळ बसलो. चहा उतू गेला, ज्योत विझली, गॅस चालूच राहिला. किती वेळ ते सांगता येत नाही. सूनबाईने दार उघडले आणि उंबऱ्यातूनच ती ओरडली, "बाबा, गॅस!" तिने दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. आधी मुलाला उचलून बाहेर शेजारणीकडे दिले, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडक्या आणि बाल्कनीचे दार उघडले, सासूबाईंना उठवले. मी जागचा उठून एवढेच म्हणालो, "पण वास तर येत नाहीये."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

‘वास येत नाही.’ आपल्या भाषेत हे वाक्य दोन अर्थांचे आहे. एक अर्थ वस्तूविषयी: तेथे वासच नाही. दुसरा आपल्याविषयी: वास आहे, पण मला तो येत नाही. मराठीत वास ‘येतो’. आपण घरी बसलेले आणि तो पाहुण्यासारखा येणारा. आला नाही तर आपण समजतो, तो निघालाच नसेल. आपलेच दार बंद असेल, हे मनात येत नाही. दृष्टी गेली तर माणूस ‘अंधार झाला’ असे म्हणून स्वस्थ बसत नाही. नाकाच्या बाबतीत मात्र आपण अगदी तेच करतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खात्यात शिल्लक शून्य असणे आणि खातेवहीच हरवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मी हरवलेल्या खातेवहीला शून्य शिल्लक समजून चाललो होतो, आणि त्याची किंमत नातवाला मोजावी लागली असती.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यात इथिल मर्कॅप्टन नावाचे गंधकयुक्त द्रव्य अत्यल्प प्रमाणात मुद्दाम मिसळतात, गळती कळावी म्हणून. त्यामागे मोठी किंमत मोजलेली आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू गळून स्फोट झाला आणि जवळजवळ ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे वायूत वास मिसळण्याचे कायदे झाले. आपल्या स्वयंपाकघरातील तो नकोसा दर्प म्हणजे एक पहारेकरी आहे. ज्याचे नाक गेले, त्याच्या घरी पहारेकरी ओरडत असतो आणि मालक बहिरा असतो.

दुसऱ्या दिवशी सूनबाई मला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितले. नाकाच्या पोकळीत अगदी वरच्या बाजूला टपाल तिकिटाएवढ्या जागेत गंधपेशींचा पातळ थर असतो. त्यांचे तंतू चाळणीसारख्या सच्छिद्र हाडातून वर मेंदूकडे जातात. माणसाकडे गंध टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक आहेत. एकेक वास म्हणजे त्यांतील काहींची विशिष्ट जुळणी. हे ग्राहक कोणत्या जनुकांतून घडतात ते लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवून दिले आणि त्याबद्दल २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. करोनाचा विषाणू मुख्यतः या गंधपेशींना नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना बाधा करतो, असे संशोधनातून पुढे आले आहे. मला ते असे समजले: पेढीवरचा मुनीम धडधाकट आहे, पण हमाल आणि दिवाणजी आजारी पडल्याने पेढी बंद आहे. गंधपेशी आयुष्यभर नव्याने निर्माण होत राहतात, हा मात्र मोठा दिलासा. शरीरातील फार थोड्या मज्जापेशींना हे भाग्य लाभले आहे.

या विकाराचे प्रकारही त्यांनी सांगितले. वास पूर्ण जाणे म्हणजे ॲनोस्मिया, कमी होणे म्हणजे हायपोस्मिया. वास बदलून येणे, उदाहरणार्थ कॉफीला जळक्या रबराचा, म्हणजे पॅरोस्मिया. आणि काहीच नसताना वास येणे म्हणजे फँटोस्मिया. कारणे अनेक: साधी सर्दी, सायनसचा जुनाट दाह, नाकात वाढलेले मांसल कोंब, वाढते वय. कंपवाताच्या काही रुग्णांत हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी वास मंदावतो. डोक्याला मार लागूनही वास जातो. मेंदूला हिसका बसला की चाळणीच्या हाडातून जाणारे ते नाजूक तंतू तुटतात. दुचाकींच्या या नगरीत हे ऐकताना मला हेल्मेट न घालता पाळीला जाणारी मुले आठवली. काही धातूंच्या आणि द्रावकांच्या वाफांत वर्षानुवर्षे काम केल्यानेही गंधशक्ती क्षीण होते. भोसरीच्या त्या प्लेटिंगच्या गाळ्यात "आम्हाला नाही वास येत साहेब, सवय झाली" असे हसून सांगणारे कामगार डोळ्यांपुढे आले. त्यांच्या वाक्याचाही कोणता अर्थ खरा होता, कोण जाणे.

त्याच काळात आपल्या शेजारी, पुण्याच्या पाषाण रस्त्यावरील आयसर या संस्थेत डॉ. निक्सन अब्राहम यांच्या गटाने बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांबरोबर एक महत्त्वाचे काम केले. ठराविक तीव्रतेचे वास देणाऱ्या उपकरणाने त्यांनी माणसांची गंधशक्ती मोजली. बाहेरून कोणतेही लक्षण नसलेल्या अनेक करोनाबाधितांची गंधशक्ती कमी झाली होती, आणि त्यांतील पुष्कळांना स्वतःला ते जाणवलेही नव्हते. हे वाचून माझी अपराधाची भावना थोडी हलकी झाली.

डॉक्टरांनी दिलेला मुख्य उपाय म्हणजे नाकाची शाळा. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल यांनी २००९ साली ही पद्धत मांडली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, लक्ष देऊन घ्यायचे. निदान १२ आठवडे. मी चार बाटल्या करून देवघराशेजारी ठेवल्या. पहिले दोन महिने चारही बाटल्या सारख्याच. रोजच्या सामायिकाची सवय नसती तर मी ते केव्हाच सोडून दिले असते.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी चाकणला शेठजींकडे गेलो. मुलाने गाडी दिली होती. मी काच खाली करून बसलो. भोसरी गेली, काही नाही. मोशीला कचरा डेपोचा डोंगर दिसला. चालकाने घाईने आपल्या बाजूची काच वर घेतली. मी उघड्या खिडकीपाशी बसून राहिलो, हवा निर्मळ होती. इंद्रायणीच्या पुलावर पाण्याचा रंग दिसला, वास नाही. सारी वाट मूकपटासारखी सरकली. चाकणच्या बाजाराजवळ कांद्याच्या गाड्या उलगडत होत्या. अचानक माझ्या डोळ्यांतून पाणी आले. कांद्यातील गंधकयुक्त वायू डोळ्यांना झोंबतो, तो त्या दुसऱ्या मज्जातंतूच्या वाटेने. वास शून्य, आणि डोळे मात्र भरलेले. चालकाने विचारले, "काका, काय झाले?" मी म्हणालो, "कांदा." ते अर्धेच खरे होते.

शेठजी पेढीवर होते. वाळले होते. चहापाणी झाले. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "शेठजी, नवीन हिंग दाखवा." त्यांनी डबी काढली, उघडली, नाकाशी नेली आणि मान डोलावली. पण डबी माझ्याकडे देताना त्यांची नजर मुलाकडे गेली. चाळीस वर्षांच्या ओळखीत ती नजर मी कधी पाहिली नव्हती. मुलगा गिऱ्हाईकाकडे वळल्यावर मी हळूच म्हणालो, "मला काही येत नाही, शेठजी. एप्रिलपासून."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, मलाही नाही." त्यांनाही त्याच लाटेत आजार झाला होता. श्रावणात त्यांनी धण्याचा एक मोठा लॉट पास केला. मधली पोती कुबट निघाली. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाने माल निमूट परत पाठवला, मुलाने निमूट ठेवून घेतला. वडिलांना कोणी काही म्हणाले नाही. "पोरगा बोलला असता तर बरे झाले असते. बाजारात माझ्या नाकाची पत आहे, साहेब. ती गेली, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?"

मला त्यांचे दुःख समजत होते. त्यांच्या घरातही तीच कथा होती. आपल्याकडे ज्या पदार्थाचा वर्ण, गंध किंवा रस बदलला आहे तो ‘चलितरस’ म्हणून अभक्ष्य मानतात. कालचे पीठ आज चालेल का, हे ठरवणारे त्या घरातील शेवटचे नाक शेठजींचे होते. कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकात हिंगाची फोडणी म्हणजे जेवणाची हाक. ती हाक त्यांना सहा महिने ऐकू आली नव्हती. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात; पदार्थाची ओळख पटते ती तोंडातून मागच्या वाटेने नाकात जाणाऱ्या गंधाने. अन्नातले मन उडाले, वजन उतरले, आणि घरच्यांना वाटले, म्हातारपण.

मी म्हणालो, "शेठजी, तुम्ही बँकेत होतात तेव्हा मी एकच गोष्ट सांगत असे. तोटा झाला तर लपवू नका, लवकर सांगा. लपवलेल्या तोट्याला व्याज लागते." ते हसले. मी त्यांना गॅसची हकिकत सांगितली, नातवासकट. ती मी घराबाहेर प्रथमच सांगत होतो. ऐकून ते उठले, मुलाला हाक मारली आणि डबी त्याच्या हातात देऊन म्हणाले, "आजपासून हिंग तू बघायचा. मला वास येत नाही." मुलगा खाली मान घालून म्हणाला, "बाबूजी, मला माहीत होते." दोघांनाही पुढे बोलवेना. पेढीवर गिऱ्हाईक आले, हे बरे झाले.

त्यानंतर दर महिन्याला आमची भेट ठरली. मी माझ्या चार बाटल्या नेत असे, त्यांच्या त्यांनी मांडलेल्या असत. सातव्या महिन्यात मला लवंग आली. अगदी पुसट, बंद खोलीतून आवाज यावा तशी. पुढे काही महिने फार वाईट गेले. कॉफी आणि फोडणी यांना सडका, जळका वास येऊ लागला, ताटावरून उठावेसे वाटे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, तंतू पुन्हा जोडले जाताना असे होते; पुष्कळदा ते सुधारण्याचेच चिन्ह असते. हळूहळू तेही निवळले. आज माझे नाक पूर्वीच्या निम्मे असेल. शेठजींचे त्याहून कमी. हिंग त्यांचा मुलगाच पाहतो. शेठजी त्याला मधल्या पोत्यात हात घालायला शिकवतात, आणि मूठ नाकाशी धरून "काय येते ते शब्दांत सांग" असा आग्रह धरतात. कुबट आणि खवट यांतला फरक त्यांना आता येत नाही. पण तो शिकवता येतो.

आपल्या शास्त्रातील जीवविचारात मुंगीला त्रींद्रिय म्हटले आहे: स्पर्श, रस आणि घ्राण. चक्षू त्यानंतरचे, श्रोत्र त्याहून पुढचे. लहानपणी पाठशाळेत हे पाठ केले, अर्थ लावला नाही. गंध हे इतके आरंभीचे इंद्रिय आहे. आणि आपण डोळ्यांना चष्मा, कानांना यंत्र करतो, दरवर्षी रक्तातली साखर तपासतो, नाकाला मात्र कधी काही विचारत नाही.

वाचकहो, थोडे करण्यासारखे आहे. घरातील ज्येष्ठांना महिन्यातून एकदा डोळे मिटून चहापत्ती, वेलची, लिंबाची साल ओळखायला सांगावे. मुलांना हा खेळ आवडतो. ज्याला येत नाही त्याला हसू नये, तज्ज्ञांकडे न्यावे. अशा व्यक्तीच्या स्वयंपाकघरात गॅसगळती सांगणारे आवाजी यंत्र बसवावे. ज्योत विझताच गॅस आपोआप तोडणाऱ्या शेगड्याही मिळतात. गळतीची शंका येताच बटणे न दाबता बाहेर पडून १९०६ या क्रमांकावर कळवावे. डब्यांवर तारीख लिहावी. आणि हे सारे करताना त्या व्यक्तीची पत जाऊ देऊ नये.

गेल्या महिन्यात चाकणहून परतताना संध्याकाळ झाली होती. मोशीजवळ गाड्या खोळंबल्या. चालकाने काच वर घेतली, आणि त्याच क्षणी माझ्याही नाकात तो दर्प शिरला. उग्र, सडका, नकोसा. मी घाईने काच वर केली आणि मग स्वतःशीच हसलो. आनंद झाला, पण तो फार वेळ टिकला नाही. आजूबाजूच्या इमारतींत दिवे लागत होते. २०२३ साली येथे कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. तरी येथले लोक दर्पाविषयी तक्रार करत आले आहेत. दुर्गंधी मोजायची झाली तर आजही माणसांची नाकेच साक्षीला बसवावी लागतात. पुरते विश्वासाचे दुसरे यंत्र नाही. ज्यांना वास येतो त्यांनी तो येतो असे सांगत राहिले पाहिजे. ज्यांना येत नाही त्यांनीही.

घरी पोहोचलो तेव्हा नातू दारातच होता. आता आठ वर्षांचा आहे. आमचा एक ठरलेला नियम आहे. मी कधी म्हणालो, "वास येत नाही," की तो लगेच विचारतो, "आजोबा, तिथे नाही, की तुम्हाला नाही?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वयंपाकघरात जाऊन शेगडी पाहून येतो.